खिंड, पांढरा रस्सा आणि आमचे दादा

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की बाकीच्या कोल्हापूरला रहदारीची काळजी लागते आणि मला डोंगर आठवतो. पुढे दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेलं गाणं, मागे स्कूटीवर तोंडाला ओढणी बांधलेली मी. पुढे जायला जागा नाही, मागे वळायला जागा नाही. अशा वेळी माणसाला देव आठवावा. मला एक खिंड आठवते. डिसेंबर आला, गुऱ्हाळांचा गोडसर धूर पहाटेच्या धुक्यात मिसळायला लागला, की माझा उजवा गुडघा चढाला लागल्यासारखा कुरकुरायला लागतो. डॉक्टर त्याला झीज म्हणतात. मी त्याला अठ्ठ्याण्णव साल म्हणते.

त्या हिवाळ्यात मी पंचवीस वर्षांची होते. कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती. लग्न ठरत नव्हतं, म्हणजे घरच्यांचं रोज ठरत होतं आणि माझं ठरत नव्हतं. शाळेत विलास सर भूगोलाला होते. मूळचे कागलचे, घरची शेती, आवाज असा की वर्गात शिकवलेलं पटांगणात पाठ व्हायचं. समोच्च रेषा शिकवता शिकवता त्यांना डोंगरांचा नाद लागला होता. रविवारी पन्हाळा-विशाळगड करून कंटाळलेला हा माणूस एका सोमवारी स्टाफरूममध्ये नकाशाची झेरॉक्स पसरून म्हणाला, "मॅडम, हितनं चंदगडच्या वरनं कोकणात उतरायचं. वाट न्हाय. म्हंजे हुती, आता न्हाय. येताय का? आमच्या मंगलबी येणाराय." मंगल वहिनी म्हणजे त्यांची बायको. त्या आल्या नसत्या तर माझा प्रश्न तिथंच मिटला असता, कारण आमच्या आईनं मला विहिरीत ढकललं असतं.

त्या वाटेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं भज्यांची गाडी उभी राहील.

आईनं ऐकल्यावर जे बोलायचं ते बोललीच. "लग्नाची पोर डोंगरात हिंडायला लागली तर पावणं काय डोंगरात येणार हायत काय बघायला?" मी उत्तराची तयारी करत होते, तेवढ्यात कोपऱ्यात पेपर वाचणारे दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "मी जातो की तिच्यासंगं." आईला वाटलं, राखणीला निघाले. मलाही तसंच वाटलं आणि मी मनात कपाळावर हात मारला. दादा एस.टी.त कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले होते, साठीला टेकले होते आणि दोन्ही गुडघे जिना उतरताना बोलायचे. असा माणूस घेऊन वाट नसलेला डोंगर ओलांडायचा म्हणजे काखेत कळसा नव्हे, डोक्यावर हंडा घेऊन पोहण्यातला प्रकार.

पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी मला खरं कारण सांगितलं. आमचं मूळ गाव त्याच डोंगराच्या पायथ्याला. दादांचे वडील, ज्यांना ते 'बा' म्हणायचे, त्या खिंडीतून कोकणात उतरून डोक्यावर मीठ आणायचे. आपल्या वाड्यापुरतं, म्हणजे तेव्हाच्या महारवाड्यापुरतं. बौद्ध आम्ही छप्पन्न सालानंतर झालो. ही त्याच्याही आधीची गोष्ट. बा सांगायचे की खिंडीखाली, चढाच्या मधोमध, ओझं टेकवायला मी एकट्यानं दगडांचा चौथरा रचलाय, माझ्या खांद्याएवढा. कोकणात उतरताना हात रिकामे असायचे, तेव्हा दर खेपेला एक दगड. गावात कुणाला हे खरं वाटलं नाही. त्यात बांचा दोष असा की त्यांना सांगायची हौस भारी. वाटेत वाघ आडवा आला आणि मी त्याला 'सरक की बाजूला' म्हणालो, हीही गोष्ट ते तितक्याच गंभीरपणे सांगायचे. मग लोकांनी चौथरा वाघाच्या खात्यात टाकला. बा तोंड उघडायचे आणि पोरं हसायची.

"त्या पोरांत मीबी हुतो," दादा म्हणाले. "बा मेला तवा मी ड्यूटीवर हुतो. हसलेलं तसंच ऱ्हायलं बघ, सुजे." मग भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "गुडघं हायत तवर बघून येऊ. हाय का न्हाय एवढंच."

बत्तीस वर्षं हा माणूस दुसऱ्या घाटातून गाडी घेऊन कोकणात जात-येत होता. खिडकीतून तो डोंगर दिसायचा, आणि गाडी थांबवून उतरता येत नव्हतं. मी त्यांच्यासाठी सॅक शोधायला लागले.

सॅक त्यांनी घेतली नाही. विलास सरांनी त्यांना समजावलं की वजन पाठीवर हवं, हात मोकळे हवेत, शास्त्र आहे. दादा म्हणाले, "पाठीवर गाढवाच्या असतंय, सर. माणसाच्या डोक्यावर." त्यांनी एका जुन्या वाकळेत भगुलं, तांदूळ, भाकऱ्या, चटणी, डबे बांधून बोचकं केलं, आईच्या लुगड्याची चुंबळ केली आणि ते डोक्यावर घेऊन घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या. आमच्या पाठीवर निळ्या-लाल सॅका, दोन खिशांचे पट्टे, पाण्याच्या बाटल्या, आणि मागून हे. कुठल्या तरी कुटुंबाचं एकाच दिवशी दोन शतकांतून स्थलांतर चाललंय, असं बघणाऱ्याला वाटलं असेल.

गडहिंग्लजवरून चंदगडला जाणाऱ्या गाडीत दादा बसलेच नाहीत. जागा होती. पण बसायची सवयच नाही. दाराशी उभे राहून त्यांनी तीन थांब्यांवर माणसं चढवली, एका म्हातारीला जागा दिली, एका कोंबडीला सीटखाली घातली आणि ड्यूटीवरच्या पोरगेल्या कंडक्टरला घंटी कधी मारायची ते शिकवलं. त्या बिचाऱ्यानं शेवटी हात जोडले. "दादा, तुमीच चालवा गाडी, मी बसतो." दादा म्हणाले, "मला चालवायला येत न्हाय. मला फकस्त थांबवायला येतंय."

हे वाक्य पुढे दोन दिवस आम्हाला पुरलं.

रात्री गावात आत्याकडे मुक्काम केला. पहाटे पाचला मंगल वहिनींनी आत्याच्या चुलीचा ताबा घेतला. आदल्या दिवशीचं सुकं मटण होतंच. आता ताजा पांढरा रस्सा झाला आणि तो त्यांनी कोल्हापुराहून मुद्दाम आणलेल्या मोठ्या थर्मासमध्ये ओतला. दुनिया थर्मासमधून चहा नेते. आम्ही पांढरा नेला. मी म्हटलं, वहिनी, डोंगरात हे कशाला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोल्हापूरची आहे की नाही हे त्यांना रेशनकार्डावर तपासायचं होतं.

आत्यानं निघताना दादांना विचारलं, "बाचा धोंडा हुडकायला चाललायस व्हय? मग वाघबी बघून ये." आणि ती हसली. दादाही हसले, पण चुंबळ नीट करायला वेळ लावला.

डोंगरात दादा सर्वांत मागे चालायचे आणि सारखे वळून मागे बघायचे. मला वाटलं, दमले. तसं नव्हतं. बत्तीस वर्षं हा माणूस गाडीच्या तोंडाकडं पाठ करून, प्रवाशांकडं बघत उभा राहिलेला. कुठं चाललोय याच्याशी त्याचा कधी संबंध आला नाही. ते ड्रायव्हरचं काम. त्याला दिसायचं ते मागे गेलेलं. डोंगरातही तेच. आम्ही पुढचं शिखर बघायचो, हे मागची झाडं बघायचे. दर अर्ध्या तासाला सावली आली की ओरडायचे, "चला, हितं धा मिन्टं! उतरणाऱ्यांनी उतरून घ्या!" आणि चौघांची मोजणी करायचे. स्वतःला धरून चारच भरतात याचं त्यांना दर वेळी समाधान वाटायचं.

दोन-अडीच तासांनी पठारावर एक धनगराचं घर लागलं. एकटंच. दारात म्हशी, कुडाच्या भिंती, आणि एक म्हातारी, जिच्या वयाचा अंदाज डोंगराकडूनच घ्यावा लागला असता. तिनं दूध दिलं. विलास सरांनी नकाशा पसरला. तिनं नकाशावर दुधाचा पेला ठेवला.

"आज्जी, खिंडीतनं कोकणात वाट हाय का?"

"हाय की. पर तिला आता माणसाची सवं ऱ्हायली न्हाय."

"किती लांब हाय खिंड?"

"ही काय हितं. हितनं हाक मारली तर ऐकू येतंय."

"कुणाला?"

"आमच्या म्हशीला."

म्हशीला जे ऐकू येतं ते आम्हाला चालायला तास लागला.

याच तासात दादांनी ती गोष्ट सांगितली. मी विचारलं होतं, की बांना चौथरा कशाला लागला? बाकीचे ओझेवाले काय करायचे?

"बाकीचे काय, बसायचे की खाली. एकमेकाला म्हणायचे, हात लाव रं. दोघंतिघं मिळून उतरवायचे, तमाखू खायचे, परत चढवायचे. बाच्या ओझ्याला कोण हात लावणार? त्यो त्येंच्या मागनं लांबनं चालायचा. एकदा का ओझं भुईला टेकलं, की परत डोक्यावर द्यायला माणूस न्हाय. मग टेकवायचंच न्हाय. घामाजलेलं मीठ डोळ्यात उतरायचं म्हणायचा. खांद्याएवढं उंच काय असलं तर आपलं आपण सरकवता येतंय, आपलं आपण घेता येतंय. म्हणून त्यो चौथरा."

विलास सरांचा आवाज पहिल्यांदाच वर्गाबाहेर ऐकू जाणार नाही इतका बारीक झाला. "दादा, आमच्या कागलातबी असंच हुतं. आमचा आज्जा तर..."

"तुमच्या आज्ज्याचं ऱ्हाऊ द्या, सर," दादा म्हणाले. "पाणी प्या. तोंड सुकलंय तुमचं."

पुस्तकांतून हे सगळं मी वाचलेलं होतं, त्यावर भाषणंही केलेली होती. पण ओझं खाली टेकवताच येत नाही, ही साधी अडचण माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. त्या क्षणी माझ्या पाठीवरची सॅक मला लाजिरवाणी हलकी वाटली. आम्ही हौसेनं वजन वाहत होतो, वर त्याला छंद म्हणत होतो.

खिंडीत पोचलो तेव्हा दहा वाजले होते. दोन्ही बाजूंना रान दाट, मधे घरातल्या अंगणाएवढी मोकळी जागा, वारा गार. विलास सरांनी जमिनीत काठी रोवली, सावली बघितली आणि जाहीर केलं, "सावली वायव्येला. म्हंजे सावली जिकडं, तिकडं कोकण. होकायंत्र-बिकायंत्र कायबी लागत न्हाय." आम्ही उतरायला उठणार तेवढ्यात वहिनींनी थर्मास मांडीवर घेतला.

"आता जेवून घ्यायचं."

"दहा वाजता?" मी म्हटलं.

"थर्मास हाय, बंब न्हवं. अजून तासानं पांढरा गार हुतोय. आणि गार पांढरा म्हंजे भांडी धुतल्यालं पाणी."

या युक्तिवादाला कोल्हापूर जिल्ह्यात उत्तर नाही. पंगत बसली. थर्मासच्या झाकणातून वाफ आली तशी डोंगराची, उताराची, वेळेची आठवण निघून गेली. एकानं 'थोडा वाढा' म्हणायचं आणि दुसऱ्यानं त्याला लाज वाटू नये म्हणून आपणही घ्यायचं, असं करत आम्ही तो थर्मास उलटा केला. सुकं मटण संपलं, भाकऱ्या संपल्या. मग विलास सर म्हणाले, "पाच मिन्टं पाठ टेकतो."

पावणेदोनला उठलो.

डोळे चोळत सरांनी काठीकडं बघितलं. सावली होतीच. "चला, सावलीच्या मागनं!" असं म्हणून ते रानात घुसले आणि आम्ही त्यांच्या मागनं. आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की आम्ही झोपलो होतो, सूर्य झोपला नव्हता. सकाळी वायव्येला पडलेली सावली आता फिरून ईशान्येकडं कलली होती. सहावीच्या पोराला कळावं असं हे; पण पांढरा रस्सा पोटात असताना माणसाची इयत्ता उतरते.

कारवीच्या काठ्या तोंडावर मारत होत्या, काटे ओढणीला धरून ठेवत होते, पण उतार लागला होता आणि सर खूश होते. मागून दादा दोनदा म्हणाले, "सर, ह्यो दगूड मी सकाळी बघितलाय. मागच्या बाजूनं." सर म्हणाले, "दगडं सगळी सारखीच असत्यात, दादा." तासाभरानं झाडी संपली. खाली गवताळ माळ, घर, म्हशी. सर दोन्ही हात पसरून गर्जले, "कोकण! मॅडम, कोकण!"

दारातली म्हातारी डोळ्यांवर हात धरून बघत होती. आम्ही जवळ गेलो तशी म्हणाली, "आलासा? लौकर आटपलं की कोकण."

मी त्या वेळी विलास सरांकडं बघितलं नाही. काही गोष्टी सहकाऱ्यानं सहकाऱ्यासाठी कराव्या लागतात. वहिनींनी मात्र बघितलं. "अवो, तुमी हे नववीला शिकवता न्हवं?"

"नववीला न्हाय," सर म्हणाले. "सहावीला."

त्या रात्री आम्ही तिच्याच पडवीत झोपलो. तिनं नाचणीची भाकरी दिली, आणि झोपायच्या आधी दादांच्या गुडघ्यांना कसलासा पाला गरम करून बांधला. गुडघे तोवर सुजले होते. मी दादांना म्हटलं, उद्या परत फिरू. बघितली की खिंड. ते छपराकडं बघत म्हणाले, "खिंड काय, खिंड हायच. खिंडीला कोण हसलं न्हवतं."

आता माझ्या वर्गातल्या मुली मोबाईलवर हिरवी रेघ बघत डोंगर चढतात. हरवत नाहीत. चांगलंच आहे, मी काही 'आमच्या वेळी' म्हणून उसासे टाकणाऱ्यांपैकी नाही. आमच्या वेळी आम्ही चार तास जेवलो आणि झोपलो, यात अभिमान बाळगण्यासारखं काय आहे? फक्त एवढंच वाटतं, की हरवल्याशिवाय त्या पोरींना मागून चालणाऱ्या माणसाचं कधी ऐकावं लागणार नाही. आम्हाला लागलं, तेही दुसऱ्या दिवशी, आणि तेही अगदी नाइलाजानं.

सकाळी परत खिंड. या वेळी जेवणाचा विषय निघाला नाही, कारण थर्मास रिकामा होता. सरांनी काठी रोवली नाही. म्हातारीनं सांगितलं होतं त्याप्रमाणे आम्ही पश्चिमेच्या ओढ्यात उतरलो. ओढा म्हणजे कोरडा दगडांचा लोंढा. एकेक दगड खोलीएवढा, मधल्या फटींत वाळलेला पाला, पाय घातला की गुडघ्यापर्यंत. जिथं दगड नाहीत तिथं घसारा: मुरमाच्या बारीक खड्यांवर पाय ठेवला की तुम्ही थांबता आणि डोंगर निघतो. वहिनी बहुतेक उतार बसून उतरल्या. सरांची पँट मागून अशा ठिकाणी फाटली, की पुढे दिवसभर त्यांनी आम्हा बायकांना पुढं चालायचा मान दिला. मी एका कपारीतून सरकताना सॅकसकट अडकले. पाय अधांतरी, हात मोकळे, शास्त्राप्रमाणे. शेजारून दादा डोक्यावरचं बोचकं एका हातानं धरून, बाजूच्या दगडावरून बसत-उठत उतरून गेले. जाताना म्हणाले, "हितं थांबा न्हाय, सुजे. पुढं सरक."

अर्ध्या तासानं ओढा संपला. म्हणजे हवेत संपला. पावसाळ्यात धबधबा पडत असेल असा सरळ कडा, खाली झाडांचे शेंडे. सर पोटावर झोपून वाकले, बघितलं, उठून बसले. मग म्हणाले, "दादा, ह्याच्या पुढं मी तुमाला न्हेणार न्हाय. तुमच्या पोरीला तोंड दाखवायचंय मला रोज स्टाफरूमात. परत जाऊया."

दादा गुडघा दाबत होते. मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना. साठ वर्षांचा माणूस, आयुष्यभर इतरांना हव्या त्या थांब्यावर उतरवत आलेला, आणि त्याचा स्वतःचा एकच थांबा होता, तोही आता मागं पडणार होता. मी मनातल्या मनात आत्याचं हसू ऐकलं. मलाच मग राग आला. कुणाचा, ते कळेना. डोंगराचा धरून चालले.

"बरं," दादा शेवटी म्हणाले. उठले, बोचकं डोक्यावर घेतलं, आणि सवयीप्रमाणं आलो त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. तसेच उभे राहिले. दोन मिनिटं, तीन मिनिटं.

"सर," ते म्हणाले, "मागं बघा."

आम्ही वळलो. वरून उतरताना जिथं फक्त कारवीचं रान दिसत होतं, तिथं खालून बघितल्यावर एक बांध दिसत होता. हातानं रचलेले दगड, रानातून तिरपे, मग वळण, मग त्याच्या खाली दुसरा बांध. जुन्या वाटेला उताराच्या अंगानं आधार दिलेला, तो वरून दिसतच नव्हता. वाट ओढ्यातून नव्हतीच. ओढ्याच्या शेजारून नागमोडी उतरत होती आणि आम्ही अर्धा तास तिला समांतर आपटत आलो होतो.

"तेच्यायला," विलास सर म्हणाले. एवढा एकच शब्द. नकाशाची झेरॉक्स त्यांनी घडी करून खिशात घातली आणि पँट विसरून पुढं झाले.

आम्ही कारवीला धरून वर चढलो, बांधावर आलो. पायाखाली पाला, पाल्याखाली बसवलेले दगड. तसेच खाली उतरत एक वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वळणावर डोंगराच्या अंगाला तो होता.

दिसायला काही नव्हतं त्यात. ओबडधोबड दगडांचा एक चौकोन, शेवाळ वाळून काळं पडलेलं, एका बाजूला वेल चढलेली, वर एक सपाट फरशीसारखा धोंडा. खालचे दगड मोठे, वर जाता जाता लहान. माणूस थकत गेला असेल किंवा उंची वाढत गेल्यावर उचलणं अवघड झालं असेल. मी काही म्हणायच्या आत दादा त्याच्याजवळ गेले. पाठ दगडाला लावली, मान जरा कलती केली. बोचकं आपोआप सरकून फरशीवर बसलं. वाकावं लागलं नाही, टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. चौथरा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. दादांची उंची बांवर गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

ते दगडांवर हात फिरवत चौथऱ्याभोवती फिरले. मागची बाजू डोंगराला होती तिथंही हात घालून बघितलं, जणू कुणी रात्रीतून आणून ठेवलाय की काय. मग आमच्याकडं वळले.

"फेकत न्हवता की ओ," ते म्हणाले. "खरं सांगत हुता त्यो." आणि ते रडले. चांगले मोठ्यानं, कोल्हापुरी आवाजात. मीही रडले. मंगल वहिनी दगड मोजायला लागल्या, कारण त्यांना रडायचं नव्हतं. निम्म्यात विसरल्या आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या.

जरा वेळानं विलास सरांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "मग वाघबी खराच म्हणायचा, दादा."

"वाघाचं मी काय बोलत न्हाय," दादा म्हणाले. "एकेक करून बघूया."

निघायची वेळ झाली. कोकणातल्या गावाकडून कोंबड्याची बांग वर येत होती, म्हणजे फार लांब नव्हतं. आम्ही सॅका चढवल्या. दादा चौथऱ्याजवळ जाऊन उभे राहिले. चुंबळ डोक्यावर ठेवली. आता फक्त मान वाकवायची आणि बोचकं ओढून घ्यायचं. त्यासाठीच तर तो बांधला होता. पण ते तसेच थांबले. बोचक्याकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"हात लावा की कोणतरी," ते म्हणाले.

मी पुढं झाले. माझ्या आधी विलास सर पोचले होते, फाटक्या पँटीसकट, धावत. वहिनी मोजणी टाकून आल्या. तिघांनी सहा हात घातले. तांदूळ म्हातारीकडं ठेवला होता, भाकऱ्या-मटण खिंडीत संपलं होतं. आत एक रिकामं भगुलं आणि तीन रिकामे डबे उरले होते. सहा हातांना ते ओझं इतकं हलकं झालं, की उचललं ते दादांच्या डोक्याच्याही वर हातभर गेलं, आणि मग आम्हाला ते हळूच खाली आणून त्यांच्या डोक्यावर ठेवावं लागलं.